पडून राहिलेले इंजिन भंगार नव्हे

रोहिणी नक्षत्र लागले की गावोगावी बियाणे आणि खते यांची जुळवाजुळव सुरू होते. याच सुमारास गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेला पॉवर वीडरही बाहेर ओढला जातो. टाकीत गेल्या हंगामातले पेट्रोल असतेच. त्यावर थोडे नवे ओतले जाते, चोक लावला जातो आणि दोरी ओढण्यास प्रारंभ होतो. वीस-पंचवीस वेळा ओढूनही इंजिन दाद देत नाही, तेव्हा घरातील दुसरा गडी पुढे होतो. त्याचाही खांदा भरून आला की ‘यंत्र गेले’ असा निकाल दिला जातो. त्यानंतर त्या यंत्राच्या नशिबी दोनच वाटा उरतात. एक तालुक्याच्या गावी नेऊन ‘हाफ इंजिन’ करून आणण्याची, आणि दुसरी भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्याची.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. चार-दोन वर्षे पडून राहिल्याने लहान पेट्रोल इंजिनाचे पिस्टन, रिंगा किंवा क्रँक झिजत नाहीत. झीज चालण्याने होते. पडून राहण्याने बिघडतात ते इंधनाचे मार्ग, विजेच्या जोडण्या आणि रबराचे भाग. यांतील बहुतेक दुरुस्ती पाना, प्लगपाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक सकाळ एवढ्या भांडवलावर होण्याजोगी असते. ज्या यंत्राला कार्बोरेटर धुण्याची गरज होती त्याचे पिस्टन बदलले जाते, पैसे जातात, आणि जुनाच कचरा जेटमध्ये असल्याने यंत्र पुन्हा पंधरा दिवसांत बंद पडते.

प्रश्न केवळ दुरुस्तीच्या पैशांचा नाही. पॉवर वीडर घेताना अनेक लहान शेतकऱ्यांनी बैलजोडी विकलेली असते. बारमाही वैरण आणि राबणारा माणूस यांचा खर्च वाचावा, हाच त्या खरेदीमागील हिशोब असतो. कापूस किंवा सोयाबीन यांच्या कोळपणीस पावसाने उघडीप द्यावी लागते आणि जमिनीत वाफसा यावा लागतो. असे दिवस मोजकेच मिळतात. त्याच दिवसांत यंत्र बंद असेल तर बैल भाड्याने मिळत नाहीत, कारण गावात ते उरलेले नसतात. आणि निंदणीस मजूर मिळाले तरी सर्वांनाच त्याच आठवड्यात हवे असतात. एका जेटच्या छिद्रात अडकलेला कण अशा रीतीने तणाच्या रूपाने साऱ्या शेतात दिसू लागतो.

२०१४-१५ साली कृषि यांत्रिकीकरणाचे उप-अभियान सुरू झाल्यापासून अनुदानावर लहान यंत्रे खेडोपाडी पोचली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु किती यंत्रे दिली याची नोंद जेवढ्या काळजीने ठेवली जाते, तेवढी काळजी किती यंत्रे चालू आहेत याविषयी घेतली जात नाही. खरेदीच्या वेळी विक्रेता यंत्र चालवून दाखवतो. हंगाम संपल्यावर ते कसे ठेवावे हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सोबत मिळणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि ती पिशवीतून बाहेरही निघत नाही. वैशाखात गावोगावी बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके होतात. त्याच मांडवात एका बाजूस चार बंद इंजिने उघडून दाखवली, तर त्या दिवसाचे चीज अधिक होईल.

आता मूळ कारणाकडे वळू. पेट्रोल हे धान्यासारखे कणगीत ठेवण्याचे जिन्नस नाही. त्यातील हलके अंश प्रथम उडून जातात आणि त्यांच्याच जोरावर थंड इंजिन पेट घेत असते. मागे राहिलेला भाग हवेशी संयोग पावून चिकट होतो व कार्बोरेटरच्या वाटीत लाखेसारखा थर धरतो. कार्बोरेटरच्या मुख्य जेटचे छिद्र एक मिलीमीटरहूनही लहान असते, आणि मंद गतीच्या जेटचे त्याहूनही बारीक. एवढ्याशा वाटेला बुजण्यास किती वेळ लागणार?

त्यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. देशात २०२३ सालापासून ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, मिळू लागले आणि २०२५ साली देशभरातील मिश्रणाचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. उसाला आणि मक्याला या धोरणाने नवे गिऱ्हाईक मिळाले, हे शेतकऱ्याने विसरू नये. पण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. अर्धी रिकामी टाकी कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहिली, किंवा झाकणातून पावसाचे पाणी आत गेले, तर एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते. मालक टाकीत डोकावून पाहतो तेव्हा वर स्वच्छ पेट्रोल दिसते, आणि कार्बोरेटरात मात्र पाणीच उतरत असते. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या, वायसर आणि पडदे हेही या मिश्रणाने फुगतात किंवा मऊ पडतात, आणि कार्बोरेटरच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. दोष इंधनाच्या नावाचा नाही, ते साठवून ठेवण्याचा आहे. जे पेट्रोल महिन्याभरात संपते त्याने असा त्रास सहसा होत नाही.

म्हणून पडून राहिलेल्या इंजिनाची दोरी प्रथम ओढूच नये. प्रथम टाकी रिकामी करावी. काढलेले पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत भरून थोडा वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर अर्धे निदान तिथेच झाले. रंग गडद झाला असेल आणि वॉर्निशासारखा वास येत असेल, तर ते नव्या पेट्रोलात मिसळून ‘वाया जाऊ नये’ म्हणून वापरण्याचा मोह टाळावा. ही काटकसर फार महाग पडते.

त्यानंतर ऑइल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधील फ्लोटची सुई नीट बसत नसल्याने पेट्रोल सिलिंडरमार्गे ऑइलात उतरले आहे. असे इंजिन त्या स्थितीत चालवल्यास पातळ ऑइलामुळे बेअरिंगे खरोखरच जातील. ऑइल चांगले दिसले तरी वर्षापेक्षा जुने असल्यास बदलावे. साडेसहा अश्वशक्तीच्या नेहमीच्या इंजिनात ते सुमारे ६०० मिलिलीटर बसते. एवढ्या खर्चासाठी मागेपुढे पाहू नये.

मग प्लग काढावा. त्याच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडावे आणि दोरी अगदी हळू, झटका न देता ओढून पाहावी. इंजिन फिरले तर उत्तम. फिरलेच नाही तर पिस्टन गंजाने धरला आहे, असे समजावे. येथे दांडगाई करणारा मनुष्य रिंग मोडून बसतो. डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण छिद्रातून ओतून दोन-तीन दिवस स्वस्थ बसावे, आणि नंतर फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून पुढे-मागे थोडी थोडी हालचाल द्यावी. धरलेले पिस्टन बहुधा असे सुटते. तीन दिवस थांबण्याचा धीर पेरणीच्या तोंडावर कोणालाच नसतो. म्हणूनच हे काम चैत्र-वैशाखात करावयाचे असते.

इंजिन मोकळे फिरू लागल्यावर तीन गोष्टींची परीक्षा घ्यावी: ठिणगी, दाब आणि इंधन. यांपैकी काय कमी आहे हे ठरेपर्यंत एकही सुटा भाग विकत आणू नये.

ठिणगी पाहण्यासाठी पेट्रोलचा कॉक बंद करावा, सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे, प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या अंगाला, प्लगच्या छिद्रापासून दूर, टेकवावी आणि दोरी ओढावी. निळी, स्पष्ट ठिणगी पडली तर विजेचा भाग ठीक आहे. प्लगच्या टोकांमधील फट अशा इंजिनात साधारण ०.७ ते ०.८ मिलीमीटर असते. फीलर गेज हाताशी नसेल तर हॅकसॉच्या पात्याच्या जाडीहून किंचित अधिक, असा अंदाज धरावा.

ठिणगी पडत नसेल, तेव्हा गॅरेजमध्ये पहिला घाव कॉइलवर पडतो. वास्तविक कॉइल जळणे हे नेहमीचे कारण नव्हे. प्रथम नवा प्लग लावून पाहावा. नंतर बंद करण्याच्या स्विचची वायर पाहावी. गोठ्यात उंदरांनी ती कुरतडून उघडी केली आणि ती इंजिनाच्या अंगाला लागली, की स्विच सतत बंद ठेवल्याप्रमाणेच होते. त्यानंतर फ्लायव्हीलचे चुंबक आणि कॉइलचे पाय यांवरील गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांमधील फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी आहे ना, हे पाहावे. जुन्या घडणीच्या इंजिनात कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. त्यांवर पडून पडून पांढुरका थर बसतो आणि तो घासताच ठिणगी परत येते.

याहून साधे एक कारण आहे, आणि ते ठाऊक नसल्याने पुष्कळांचा पैसा गेला आहे. अनेक चार-स्ट्रोक इंजिनांत ऑइलची पातळी खाली गेली की ठिणगी आपोआप बंद करणारा स्विच बसवलेला असतो. यंत्र उतारावर उभे असेल, किंवा ऑइल शंभर-दीडशे मिलिलीटर कमी असेल, तरी इंजिन चालू होत नाही. ही सोय इंजिन वाचवण्यासाठी आहे. पण तिची माहिती नसलेला मालक नवी कॉइल विकत घेतो. यंत्र सपाट जागी ठेवून ऑइल खुणेपर्यंत भरावे. त्यानेही ठिणगी न आली तर त्या स्विचची वायर तात्पुरती सोडवून पाहावी. ठिणगी आल्यास दोष स्विचचा. मात्र वायर कायमची तोडून टाकण्याची जी रीत पडली आहे ती चांगली नाही. तो स्विच नसता तर अनेक इंजिने पहिल्याच हंगामात संपली असती.

दाबाची परीक्षा हाताला कळते. प्लग लावून दोरी सावकाश ओढताना एका जागी स्पष्ट अडसर जाणवला पाहिजे. काही इंजिनांत सुरू करणे सुलभ व्हावे म्हणून दाब कमी करणारी योजना असते, तेव्हा शेजाऱ्याच्या त्याच जातीच्या चालू इंजिनाशी तुलना करणे बरे. अडसर अजिबात नसेल तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल पुन्हा सोडून पाहावे. त्याने दाब वाढला तर रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या आहेत. न वाढला तर व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे. पडून राहिलेल्या इंजिनात दुसरी शक्यता अधिक, कारण ज्या स्थितीत इंजिन थांबले त्या स्थितीत एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो आणि ओलाव्याने त्याची दांडी गंजून तिथेच धरते. टॅपेटचे झाकण काढून दांडीवर ऑइल सोडून हलके ठोकले की तो पुष्कळदा मोकळा होतो. इथेच ‘हाफ इंजिन’ आणि दहा मिनिटांचे काम यांतील फरक पडतो.

उरला इंधनाचा भाग, आणि दहांपैकी बहुसंख्य इंजिनांचा आजार हाच. खात्री करून घेण्याची रीत अशी: अर्धा चमचा ताजे पेट्रोल प्लगच्या छिद्रात टाकावे, पेट्रोलची बाटली झाकण लावून दूर न्यावी, प्लग बसवावा आणि दोरी ओढावी. इंजिन दोन-चार सेकंद चालून बंद पडले तर ठिणगी आणि दाब दोन्ही उत्तम आहेत, आणि कार्बोरेटर सोडून दुसरे काहीही उघडण्याची गरज नाही. चोक लावलेला असताना इंजिन चालते आणि चोक काढताच बंद पडते, हेही जेट अर्धवट बुजल्याचेच लक्षण आहे. मिस्त्रीकडे नेताना एवढे सांगता आले तरी निम्मा खर्च वाचतो.

कार्बोरेटर साफ करणे म्हणजे बाहेरून फुंकर मारणे नव्हे. वाटी उतरवावी, फ्लोट व सुई काढावी, दोन्ही जेट सोडवून प्रकाशाकडे धरावेत. गोल, स्वच्छ छिद्र दिसले पाहिजे. क्लीनरचा फवारा मारून हवेच्या पंपाने फुंकावे. सुई किंवा पोलादी तार जेटमध्ये घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र रुंदावले की इंजिन कायमचे जास्त पेट्रोल खाऊ लागते. अगदीच गरज पडल्यास विजेच्या तांब्याच्या वायरीतील एक बारीक तंतू वापरावा. टाकीच्या तळाची आणि कॉकमधील जाळी, फुगलेली नळी व वायसर याच वेळी बदलावीत. गवत कापण्याच्या दोन-स्ट्रोक यंत्रात वाटीऐवजी रबरी पडदा असतो. तो कडक झाला असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नये, नवा टाकावा.

पडून राहिलेल्या यंत्रात बिऱ्हाड करणारेही अनेक. कुंभारीण सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर बांधते, उंदीर फ्लायव्हीलच्या आवरणाखाली चिंध्या भरतात आणि हवेने थंड होणारे इंजिन अर्ध्या तासात तापून बंद पडते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तर इंजिन पाच-दहा मिनिटे चांगले चालून गुदमरते; झाकण सैल करताच पुन्हा चालते. अशा इंजिनाचा कार्बोरेटर तीन-तीन वेळा उघडला जातो आणि झाकणाकडे कोणाचेही लक्ष जात नाही. पाते दगडावर आदळून यंत्र बंद पडले असेल आणि तेव्हापासून दोरी उलटी ओढ घेत असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली आहे काय, हे पाहावे. ती मुद्दामच मऊ धातूची करतात, आणि तिची किंमत क्रँकच्या मानाने काहीच नसते.

मिस्त्रीविषयीही थोडे बोलले पाहिजे. तालुक्याच्या गावातील चांगला मिस्त्री हा शेतीचाच एक आधार आहे. परंतु हंगामाच्या तोंडावर त्याच्या दारात वीस यंत्रे उभी असतात, आणि निदान करीत बसण्यापेक्षा भाग बदलणे त्याला सोपे जाते. यंत्र सोडून परत येण्याऐवजी मालकाने शक्यतो समोर थांबावे, बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि तो का बदलला हे विचारावे. याचा प्रामाणिक माणसास राग येत नाही.

प्रत्येक इंजिन वाचवावेच असाही आग्रह नाही. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला भोक पडले असेल, किंवा क्रँक वाकला असेल, तर नव्या इंजिनाचाच विचार करावा. वीडरचा गिअरबॉक्स आणि सांगाडा चांगला असल्यास केवळ इंजिन बदलता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाजारात ‘१६८ एफ’ या खुणेची इंजिने मोठ्या संख्येने आहेत. ६८ मिलीमीटर बोअरच्या एका प्रसिद्ध जपानी इंजिनाच्या नमुन्यावर ती घडवलेली असल्याने त्यांचे पुष्कळ भाग एकमेकांस लागू पडतात. मात्र १६३ आणि १९६ घनसेंटिमीटर या दोन्ही आकारांचा बोअर सारखाच आणि स्ट्रोक वेगळा असतो, तेव्हा जुना भाग हातात घेऊनच दुकानात जावे. नाव नसलेल्या यंत्राचा साधा गॅस्केटही जिल्ह्यात मिळत नसेल, तर त्यावर पैसा घालणे व्यर्थ होय.

इंजिन प्रथम चालू करताना ते मोकळ्या हवेत आणावे. बंद खोलीत किंवा गोठ्यात धुरातील कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्यास रंग नाही, वास नाही. विहिरीत पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन उतरवून माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि त्यांत आधी उतरलेल्यास वाचवायला गेलेला दुसराही सापडतो. विहिरीच्या तळाशी असे इंजिन कधीही चालवू नये.

सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलामुळे आरंभी निळसर धूर निघेल. तो काही मिनिटांत विरतो. न विरला तर रिंगांचा विचार पुढे करता येईल. पहिला अर्धा तास भार न देता चालवावे, सैल झालेले नट आवळावेत, आणि पाच-सहा तासांच्या कामानंतर ऑइल एकदा पुन्हा बदलावे, कारण सुटलेला गंज आणि मळ त्यात उतरलेला असतो. हंगाम संपला की कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, प्लगच्या छिद्रात चमचाभर ऑइल टाकावे आणि दोरी दाबाचा अडसर लागेल तेथपर्यंत ओढून सोडावी, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. मग यंत्र ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर चढवून ठेवावे.